मिलानचं सालोने: सोफ्याच्या पाठीमागून

लाकूडफाटा

सालोने देल मोबिलेला, म्हणजे मिलानच्या फर्निचर मेळ्याला, २०२५च्या एप्रिलमध्ये जाऊन आले. तेव्हापासून ‘यंदा काय चालू आहे?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते. रंगांचं आधी उरकून टाकू. चॉकलेटी, मरून, फिकट पिवळा, शेवाळी हिरवा. करडा जवळजवळ हद्दपार. गेली काही वर्षं जिथे तिथे दिसणारं पांढरं, गाठीगाठींचं बूक्ले कापड ओसरतंय. त्याच्या जागी मखमल आणि कॉर्डुरॉय. चकचकीत लाखेचं पॉलिश, नक्षीदार गाठींचं व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा), भरपूर स्टेनलेस स्टील. म्हणजे १९७०चं दशक. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

मला सवय अशी की खुर्ची दिसली की आधी वाकून तिच्या बुडाखाली बघायचं, आणि सोफा दिसला की वळसा घालून पाठीमागे जायचं. समोरची बाजू काय, फोटोत दिसतेच. या वेळी त्या सवयीचा भलताच फायदा झाला. समोरून दिसत होतं त्यातलं बरंचसं पन्नास वर्षांपूर्वीचं होतं. नवं जे काही होतं ते आत, खाली, शिलाईच्या मागे दडलेलं होतं.

जे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं: मेळा भरतो तो खुद्द मिलानमध्ये नाही, शेजारच्या रो गावातल्या प्रदर्शन संकुलात. मास्सिमिलियानो फुक्सासने आखलेलं हे संकुल २००५ साली उघडलं, २००६पासून सालोने तिथे आहे. मधोमध काचेचं लाटालाटांचं छत, एक किलोमीटरहून लांब, आणि त्याच्या दोन्ही अंगांना हॉल. पहिला मेळा १९६१चा. इटालियन उत्पादकांनी निर्यात वाढावी एवढ्यासाठी भरवलेला. यंदाचा ६३वा. ३७ देशांतले दोन हजारांहून जास्त प्रदर्शक आणि सहा दिवसांत तीन लाखांवर हजेरी. हे सगळं ‘बघून’ होत नाही. आपण काय बघणार नाही हे आधी ठरवून जावं लागतं.

मोठ्या कंपन्यांचे स्टँड म्हणजे भिंतींनी बंद केलेली अख्खी घरं. दाराशी नाव नोंदवायचं, कार्ड दाखवायचं, आत सोडलं तर जायचं. एका ठिकाणी मला ‘खरेदीदार नसाल तर दुपारी या’ असं फार गोड हसून सांगितलं गेलं. दुसरीकडे मी टेबलाखाली वाकले तर विक्रेती धावत आली, माझं काही पडलं असं वाटून. सांधा बघतेय म्हटल्यावर तिने त्यांच्या कारखान्यातल्या माणसाला बोलावलं. त्या गृहस्थांनी सरळ खुर्ची उचलली, उलटी करून टेबलावर ठेवली आणि पुढचा बराच वेळ फक्त स्क्रूंवर बोलले. माझ्या लेखी हा मेळ्यातला सर्वोत्तम प्रसंग.

आता मुद्द्यावर येते. जुनी डिझाइन्स पुन्हा काढायची ही लाट आजची नाही, पण आता तिचा पूर आलाय. मारिओ बेल्लिनीचा कामालेओन्दा सोफा १९७०चा. बी अँड बी इतालिया कंपनीने तो २०२०मध्ये परत आणला आणि त्याला असा प्रतिसाद मिळाला की सगळ्यांनी आपापली गोदामं उघडली. बेल्लिनीचाच १९७२चा ले बाम्बोले २०२२मध्ये आला. काझ्झिनाने आफ्रा आणि तोबिया स्कार्पाचा १९६९चा सोरियाना २०२१मध्ये काढला. या वर्षी तर सत्तरचं दशक नसलेला स्टँड शोधावा लागत होता. जे खरोखरच नवं होतं तेही जुन्यासारखं दिसेल अशा बेताने काढलेलं.

पण मागून बघा. मूळ बाम्बोलेत फोम आणि सांगाडा एकजीव केलेला, वेगळा करणं मुश्कील. नव्या बाम्बोलेचा आतला सांगाडा पुनर्वापरातल्या पॉलिथिलीनचा आहे, खोळ निघते, आणि सगळे भाग सुटे होतात. कामालेओन्दाच्या तर मूळ कल्पनेतच आकडे, तारा आणि कड्या होत्या. बैठक, पाठ, हात हवे तसे सोडवून पुन्हा जोडायचे. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी जी गंमत होती ती आज गरज झाली आहे. सोफ्याचं दुखणं फार जुनं: लाकूड, फोम आणि कापड एकमेकांना गोंदाने चिकटवून टाकले की त्याची विल्हेवाट लावताना काहीच वेगळं काढता येत नाही, सगळंच जाळायला नाहीतर पुरायला जातं. गोंद काढून टाकायचा, त्याच्या जागी झिप, हूक, इलॅस्टिक, बोल्ट आणायचे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. स्टेफान डीत्सने मागिस कंपनीसाठी केलेला कॉस्ट्यूम सोफा २०२१पासून याच वाटेवर आहे: पुनर्वापरातल्या प्लास्टिकचं कवच, आत स्प्रिंगा, फोम कमीत कमी, आणि खोळ इलॅस्टिकने अडकवलेली. तेव्हा तो विक्षिप्त वाटला होता. आता तीच पद्धत निमूटपणे महागड्या, गुबगुबीत सोफ्यांच्या पोटात शिरली आहे.

गंमत अशी की हे कोणी मिरवत नाही. कॅटलॉगमध्ये ‘वारसा’, ‘कालातीत’, ‘आत्मा’ वगैरे पानोपानी. अ‍ॅलन की (षटकोनी पाना) घालायचं भोक कुठे आहे ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

लाकडाचं मात्र मला वाईट वाटलं. भरीव लाकूड होतं, पण बरंचसं दाखवण्यापुरतं. खाच-कुसवाचा सांधा बाहेरून दिसेल असा कोरायचा आणि आत धातूचा ब्रॅकेट लावायचा, असे प्रकार दोन-तीन ठिकाणी सापडले. ब्रॅकेटला माझी हरकत नाही, नाटकाला आहे. जिओ पोंतीची सुपरलेज्जेरा (काझ्झिना, १९५७) अवघी १.७ किलोची, एका बोटावर उचलता येते, आणि तिच्यात नाटक कुठेच नाही. अ‍ॅश लाकडाचे तिकोनी छेदाचे पाय, बारीक आणि चिवट. ती बघितली की या नवीन जाडजूड, ‘प्रामाणिक’ टेबलांवरचा विश्वास उडतो.

दिव्यांवर लिहायचं होतं (विषम वर्ष असल्याने युरोलुचे हे दिव्यांचं प्रदर्शन होतं), पण इथे त्यातले जाणकार आहेत, त्यांनी लिहावं. आणि त्याच आठवड्यात शहरभर जी प्रदर्शनं भरतात, फुओरीसालोने, तो वेगळाच तमाशा. त्यावर प्रतिसादांत बोलू.

एक राहिलं. कॉफीच्या प्रत्येक टेबलावर एकच विषय होता आणि तो डिझाइनचा नव्हता. २ एप्रिलला अमेरिकेने युरोपच्या मालावर २० टक्के आयातशुल्क जाहीर केलं. ८ तारखेला मेळा सुरू झाला. ९ तारखेला तेच शुल्क ९० दिवसांपुरतं १० टक्क्यांवर आणलं. मधल्या काळात ऑर्डर घ्यायची की नाही, घेतली तर भाव कुठल्या तारखेचा, यावर स्टँडच्या मागच्या खोल्यांत काय चाललं असेल ते दारातून डोकावणाऱ्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

पाटफळी

पहिला नंबर! आणि फोटो कुठे आहेत? सोफ्याच्या पाठीचे का होईना.

लाकूडफाटा

@पाटफळी, माझ्या फोनमध्ये खुर्च्यांच्या बुडांचे इतके फोटो आहेत की बघणाऱ्याला काळजी वाटेल. बऱ्याच स्टँडवर तपशिलाचे फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे जाहीर टाकत नाही.

उजेडवाला

माझं काम दिव्यांच्या आतलं, म्हणजे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग), उष्णता, बॅटरी वगैरे. युरोलुचेला मीही होतो. १९७६ पासून चालणारं हे प्रदर्शन दर दोन वर्षांनी भरतं. २०२३मध्ये त्यांनी हॉलची आखणीच बदलली. आधी सरळ गल्ल्या होत्या, त्या मोडून वळणावळणाचे रस्ते केले, लोम्बार्दिनी२२ या वास्तुरचना कार्यालयाने. चालायला मजा येते, पण नेमका स्टँड शोधायचा असेल तर डोकं फिरतं.

लाकूडफाटाताईंनी सोफ्यात जे पाहिलं तेच दिव्यांत दुप्पट आहे. एलईडी आल्यावर सुरुवातीची दहा-बारा वर्षं डिझायनरांना हर्ष झाला होता. बल्ब नको, होल्डर नको, पातळ पट्टी कुठेही लपवा. मग पट्टी गेली की अख्खा दिवा कचऱ्यात. पितळेची, हाताने घडवलेली, हजारो युरोंची वस्तू आणि मरण एका चिपमुळे. २०२१च्या सप्टेंबरपासून युरोपीय संघाचा नियम लागू झाला आहे की दिव्यातला प्रकाशस्रोत आणि ड्रायव्हर मोडतोड न करता काढता यायला हवा. त्यात सवलती आहेत, पळवाटा आहेत, पण रोख स्पष्ट आहे. फॉर्माफान्तास्मा या डिझायनर जोडीने फ्लोस कंपनीसाठी केलेला २०२४चा सुपरवायर बघा. काचेच्या सपाट पट्ट्यांचा षटकोनी नळकांडा, आत लांब लवचिक एलईडी तार, आणि ती तार बदलता येते. दिसतो एकदम जुन्या फिलामेंट बल्बसारखा. तिथेही तेच, रूप मागचं आणि पोट पुढचं.

यंदा सगळ्यात जास्त काय होतं म्हणाल तर बिनवायरचे टेबल लॅम्प. चार्ज करा आणि कुठेही न्या. प्रत्येक कंपनीकडे चार-चार. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होतो: बॅटरी बदलता येते का? कारण युरोपच्या २०२३च्या बॅटरी नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी, काही मोजके अपवाद सोडून. उत्तरांवरून कंपन्यांचे सरळ दोन गट पडले. काहींनी तिथल्या तिथे तळाचं झाकण फिरवून बॅटरी हातात ठेवली. बाकीच्यांनी ‘आमची सेवा केंद्रं आहेत’ असं सांगितलं. यातल्या बऱ्याच सुंदर वस्तू दोन वर्षांनी उत्पादनातून गायब होतील किंवा त्यांना नवा तळ येईल.

जाता जाता: आर्को दिवा (१९६२, कास्तिल्योनी बंधू) कुठेही दिसला तर त्याच्या संगमरवरी ठोकळ्यातलं भोक बघा. ठोकळा सुमारे ६५ किलोचा. झाडूचा दांडा त्या भोकात घालून दोघांनी उचलायचा, म्हणून ते आहे. यालाच मी डिझाइन म्हणतो.

तिरपी नजर

दोघांचंही वाचलं, चांगलं लिहिलंय, पण मला हे जरा जास्तच समजूतदारपणाचं वाटतंय. जुनी डिझाइन्स परत काढायचं कारण पर्यावरण नाही, भीती आहे. नव्या डिझायनरला घ्या, साचे बनवा, तीन वर्षं विका आणि मग कळणार की लोकांना नको होतं. त्यापेक्षा संग्रहातून एक सिद्ध झालेला सोफा काढा. जाहिरात आधीच झालेली, जुन्या मासिकांतले फोटो तयार, लिलावांत मूळ नगाचे भाव चढलेले. आत झिप लावली की ‘जबाबदार’ शिक्का मोफत. तुम्ही म्हणता ते आतलं नवेपण खरं असेल, पण ते नव्या आकारात का नाही? पोंती, कास्तिल्योनी, सोत्सास यांनी जर त्यांच्या आधीच्या पन्नास वर्षांतलंच परत काढलं असतं तर आज संग्रहात काय असतं?

आणि शहरातल्या तमाशाबद्दल तर बोलायलाच नको. गुच्ची, लोएवे, एर्मेस, सगळे फॅशनवाले. चहाच्या किटल्या बघायला तासभर रांग. याला फर्निचरचा मेळा म्हणायचं?

लाकूडफाटा

@तिरपी नजर, भीतीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ‘नव्या आकारात का नाही’ याचं उत्तर मला कारखान्यातल्या त्याच माणसाकडून मिळालं. त्याचं म्हणणं असं: सांधे, सांगाडा आणि खोळ तिन्ही बदलायचे म्हणजे शिवणाऱ्यापासून पॅकिंगपर्यंत सगळी साखळी बदलते. त्यात आकारही नवा घेतला तर काही बिघडल्यावर दोष कशाचा तेच कळत नाही. म्हणून आकार ओळखीचा धरायचा. हे मला पटलं. हा मुक्काम कायमचा झाला तर मात्र तुम्ही म्हणता तसंच होईल.

सोत्सासची आठवण काढलीत ते बरं झालं. त्याच्या मेम्फिस या डिझायनरांच्या गटाने १९८१च्या सप्टेंबरमध्ये पहिलं प्रदर्शन भरवलं ते मेळ्याच्या आवारात नव्हे, शहरातल्या एका शोरूममध्ये, मेळा चालू असतानाच (तेव्हा सालोने सप्टेंबरात असे). म्हणजे शहरातला तमाशा ही आजची कीड नाही. नवं बहुतेक वेळा तिथूनच आलंय. प्रश्न एवढाच की आज त्या जागांची भाडी कोणाला परवडतात.

भटका भोपळा

शहराबद्दल मी लिहितो. मी रोला गेलोच नाही, सगळा वेळ बाहेर. 😀

ब्रेरा भागात फॅशनवाल्यांचं राज्य आहे हे खरंच. एर्मेस नेहमीप्रमाणे ला पेलोतात, गुच्ची सान सिंप्लिचानोच्या मठातल्या ओवऱ्यांमध्ये बांबू घेऊन, लोएवेच्या त्या किटल्या पालाझ्झो चित्तेरियोत. किटल्या मी पाहिल्या. पंचवीस कलाकारांनी घडवलेल्या, चहा ओतता येईल अशा त्यातल्या मोजक्या. रांगेबद्दल तक्रार नाही, वस्तू म्हणून छान होत्या. त्यांच्यापासून फर्निचरवाल्यांनी काय शिकायचं ते मात्र मला कळलं नाही.

एस डेव्हलिनचं ‘प्रकाशाचं ग्रंथालय’ ब्रेराच्या चित्रसंग्रहालयाच्या चौकात होतं, हा खुद्द सालोनेचाच प्रकल्प. १८ मीटर व्यासाचं गोल, फिरणारं शिल्प, त्यात तीन हजारांहून जास्त पुस्तकं, आणि वर कललेला आरसा दुपारचं ऊन भिंतींवर फिरवत होता. चौकात कानोव्हाचा काशाचा उघडा नेपोलियन उभा असतो, हे सगळं त्याच्यासमोर चाललेलं. फिरत्या चकतीवर बसून पुस्तक वाचता येत होतं. एक आजोबा आणि त्यांची नात खरंच वाचत बसले होते, बाकी सगळे फोनवर त्यांचेच फोटो काढत होते. रॉबर्ट विल्सनचं ‘मदर’ स्फोर्झा किल्ल्यात, मायकेलअँजेलोच्या अपूर्ण पिएताभोवती प्रकाश आणि आर्वो पेर्टचं संगीत. ते जास्त आवडलं. फर्निचरशी संबंध शून्य.

खरी मजा आल्कोव्हा या प्रदर्शनात. २०१८पासून दर वर्षी काही ना काही रिकाम्या, पडक्या जागा शोधून तिथे तरुण डिझायनरांना जागा देतात. २०२४ आणि २०२५मध्ये शहर सोडून उत्तरेला वारेदोत होते. व्हिला बोर्सानी (ओस्वाल्दो बोर्सानीने आखलेलं, आतलं लाकूडकाम बघून ताई तिथेच राहतील), व्हिला बागात्ती व्हालसेक्की, आणि यंदा भर म्हणून ऑर्किडची जुनी काचघरं व स्निया कंपनीचा बंद पडलेला कृत्रिम धाग्यांचा कारखाना. मिलानच्या कादोर्ना स्टेशनहून उपनगरी गाडी मिळते. काचघरांत आत झाडं वाढलेली आणि त्यांच्यामध्ये खुर्च्या. अर्ध्याहून जास्त प्रयोग फसलेले होते, पण फसले तरी स्वतःच्या डोक्याने फसले होते.

ज्यांना रोला जायचंय त्यांनी लक्षात ठेवा: मेट्रोची लाल लाईन, शेवटचं स्टेशन रो फिएरा, आणि साधं शहरी तिकीट तिथवर चालत नाही, एमआय१ ते एमआय४ झोनचं लागतं. परतीच्या फाटकावर अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. बँकेचं कार्ड टेकवलंत तर बरोबर पैसे आपोआप कापले जातात.

गिलावा

फार उशिरा आलो धाग्यावर. माझं दुःख वेगळं आहे. मी स्टँड उभारणाऱ्यांपैकी. सहा दिवसांसाठी भिंती, फरशी, पायऱ्या, कधी कधी पाण्याचं तळंसुद्धा. मग एका आठवड्यात सगळं जमीनदोस्त. फर्निचरच्या सांध्यांचं कौतुक ज्या जिप्समच्या भिंतींसमोर उभं राहून करता, त्या भिंतींचं पुढे काय होतं ते विचारा.

२०२१चा सप्टेंबरातला मेळा मला म्हणून आठवतो. २०२०चा महामारीत रद्द झाला आणि मग स्तेफानो बोएरीच्या देखरेखीखाली सुपरसालोने झालं. मोठ्या कंपन्यांना घरं बांधू दिली नाहीत. सगळ्यांना सारख्या लांब उभ्या भिंती, त्यावर माल मांडा, आणि नंतर सुटं करून परत वापरता येईल असं सामान. मालकवर्गाला ते अजिबात आवडलं नाही, आमची सगळ्यांचीच दुकानं सारखी दिसतात म्हणून. पुढच्याच वर्षी घरं परत आली. २०२३मध्ये सालोनेला शाश्वत कार्यक्रम-व्यवस्थापनाचं आयएसओ २०१२१ प्रमाणपत्र मिळालं, प्रदर्शकांना मार्गदर्शक सूचना आहेत, भाड्याच्या आणि पुन्हा वापरायच्या चौकटी वाढल्या आहेत हे खरं. पण मी जे मोडतो ते मोजायला कोणी येत नाही.

तिरपी नजर

@गिलावा +१. सोफ्याच्या पाठीमागे नको, स्टँडच्या पाठीमागे जायला हवं.

लाकूडफाटा

@गिलावा, हे मला दिसलंच नाही, दिसणं शक्यही नव्हतं. आम्ही जातो तेव्हा रंग ओला नसतो. यावर वेगळा धागा काढा, प्लीज.

चौकस

दोन प्रश्न. एक, एआय किती होतं? दोन, या सगळ्या जुन्या डिझाइन्सच्या नकला सर्रास होतात ना, मग मूळ कंपनीला परत काढून काय फायदा?

उजेडवाला

एआय बोलण्यात भरपूर, वस्तूंत फारसं नाही. या बाबतीत कार्टेल कंपनीने आधीच आघाडी घेतली होती. २०१९ला त्यांनी फिलिप स्टार्कची ए.आय. खुर्ची आणली, ऑटोडेस्कच्या सॉफ्टवेअरने आकार काढलेली, पुनर्वापरातल्या प्लास्टिकची. कमीत कमी सामग्रीत वजन पेलायचं हा प्रश्न यंत्राला दिला होता. दिसायला अगदी साधी खुर्ची. यंदा मला त्याच्या पुढचं पाऊल दिसलं नाही. स्टँडवरच्या पडद्यांवर एआयने केलेली चित्रं मात्र पुष्कळ, आणि ती ओळखू येतात: सोफ्याला पाय नसतात.

गिलावा

नकलांबद्दल: २०२४च्या ऑक्टोबरात युरोपीय न्यायालयाचा एक निकाल आला, क्वांटम विरुद्ध व्हिट्रा. वाद इम्स दांपत्याच्या डीएसडब्ल्यू खुर्चीचा, तिचे हक्क व्हिट्राकडे, आणि क्वांटम या नेदरलँड्समधल्या साखळी दुकानाने तिच्यासारखी एक खुर्ची विकायला काढली होती. मुद्दा असा की डिझाइन अमेरिकेत जन्मलं असेल आणि तिथे त्याला तसं संरक्षण नसेल, तर युरोपात कॉपीराइट द्यायचा का? न्यायालयाने सांगितलं की सदस्य देशांनी आपल्या मर्जीने ते नाकारायचं नाही, कलाकृतीचा मूळ देश कोणताही असो. ती खुर्ची कॉपीराइटला पात्र आहे का आणि नक्कल झाली का, हे अर्थात डच न्यायालयानेच ठरवायचं. पण जुन्या डिझाइन्सचे हक्क ज्यांच्या तिजोरीत आहेत त्यांच्या तिजोरीची किंमत त्या दिवशी वाढली. संग्रह उघडण्यामागे हेही कारण आहे, नुसतं प्रेम नाही.

लाकूडफाटा

वा, ही माहिती नवीन. आणि कायद्याचंच निघालंय तर आणखी एक. मेळा संपला १३ एप्रिलला, आणि १६ला युरोपीय आयोगाने इकोडिझाइन नियमाखालची पहिली कामांची यादी जाहीर केली. त्यात फर्निचर आहे आणि गाद्या वेगळ्या आहेत. टिकाऊपणा, दुरुस्ती, सुटे भाग आणि प्रत्येक वस्तूचा डिजिटल पासपोर्ट, या दिशेने हे चाललंय. त्याखेरीज २०२३चा जंगलतोडविरोधी कायदा, ज्याची अंमलबजावणी पुढे ढकलली आहे: लाकूड जमिनीच्या नेमक्या कुठल्या तुकड्यावरून आलं त्याचे अक्षांश-रेखांश द्यायचे. व्हिनिअरच्या एका स्टँडवर यावर बोलणं काढलं तर त्या बाईंनी कपाळाला हात लावला. एका टेबलात पाच झाडांचे पापुद्रे लावलेले असतात, म्हणाल्या.

म्हणून @तिरपी नजर, झिप कोणी हौसेने लावत नाहीये. कायदा दाराशी येऊन उभा आहे आणि त्याच्या आधी घर आवरून घेण्याची ही धावपळ आहे. हौसेने झाली असती तर मला अधिक आवडलं असतं.

तिरपी नजर

आता कसं बोललात! हे मूळ लेखातच लिहायला हवं होतं. मग मी भांडलोच नसतो.

सुरवंट

मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. तरुण डिझायनरांच्या सालोने सातेलितेमध्ये कधीतरी जायचं स्वप्न आहे. तिथे काय बघितलंत? आमच्यासारख्यांना कोणी विचारतं का?

लाकूडफाटा

@सुरवंट, सातेलिते हा माझा सगळ्यात आवडता हॉल. मार्व्हा ग्रिफिन यांनी १९९८ साली सुरू केला, अजूनही त्याच सांभाळतात. पस्तीसच्या आतल्या डिझायनरांसाठी. दाराशी कोणी नाव विचारत नाही आणि ज्याने वस्तू केली तोच समोर उभा असतो, वाकलात तर तोही शेजारी वाकतो. यंदाचा विषय हस्तकौशल्याचा होता, त्यामुळे विणलेलं, भाजलेलं, ठोकलेलं खूप. कागदाच्या लगद्याचे दिवे इतके होते की पुढच्या वर्षी कोणी आणू नयेत. पण काही सांधे असे होते, ज्यांच्यासाठी मी मोठ्या हॉलमधला पूर्ण दिवस सोडला असता: वाफेने वाकवलेल्या दोन पट्ट्या एकमेकींच्या ताणावर बसवलेल्या, ना गोंद ना स्क्रू.

विचारतात का? हो, विचारतात. कंपन्यांची माणसं मुद्दाम फिरतात, गळ्यातली ओळखपत्रं उलटी करून. नेन्दो या जपानी स्टुडिओच्या ओकी सातोची सुरुवात २००३मध्ये इथेच झाली. पण इथे ठेवलेल्या वस्तूचं थेट उत्पादन होणं फार दुर्मिळ. बहुधा वस्तू बघून माणसाला दुसरंच काम देतात. म्हणून नमुना चकचकीत करण्यापेक्षा तो सोडवून-जोडून दाखवता येईल असा कर.

भटका भोपळा

सत्येंद्र पाखले यांचं काम बघितलं आहेस का @सुरवंट? जन्म वाशिमचा, पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिक्षण, पुढे अ‍ॅमस्टरडॅमला स्टुडिओ. काप्पेल्लिनीसाठी केलेली फिश चेअर आणि मेणाच्या साच्यातून ओतकाम करण्याच्या पारंपरिक पद्धतीने घडवलेली घोड्याची खुर्ची शोधून बघ. त्यांच्या कामात हस्तकौशल्य सजावटीसाठी येत नाही, वस्तू उभी राहण्याचं कारणच ते असतं.

सुरवंट

धन्यवाद दोघांनाही! आणि जायचंच तर कोणत्या दिवशी? विद्यार्थ्याला परवडेल असं काही?

भटका भोपळा

आधीचे दिवस व्यापाऱ्यांचे असतात, सर्वसामान्यांना शनिवार-रविवार. तिकीट आधीच ऑनलाइन काढ. राहायचं मिलानमध्ये बघू नकोस, त्या आठवड्यात भाडी ऐकून परत फिरशील. रेल्वेच्या मार्गावरचं दुसरं गाव पकड. शहरातलं बहुतेक सगळं फुकट असतं, फक्त नावं आधी नोंदवावी लागतात.

लाकूडफाटा

आणि वर्ष बघून जा. दिवे विषम वर्षी. सम वर्षी युरोकुचिना (स्वयंपाकघरांचं) आणि बाथरूमचं प्रदर्शन. ड्रॉवरच्या रनर आणि बिजागऱ्या आवडत असतील तर सम वर्ष सोडू नकोस, स्वयंपाकघरांच्या हॉलमध्ये प्रत्येक कपाट उघडून बघता येतं आणि कोणी हटकत नाही.

पाटफळी

बिजागऱ्या ‘आवडतात’ असं म्हणणारी माणसं फक्त याच धाग्यावर भेटतात. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि बुडांचे फोटो निदान व्यक्तिगत निरोपातून पाठवा.